पाचवीला पुजलेली उपांत्यपूर्व फेरी

डब्लिन, ५ सप्टेंबर २०२३

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. सासूबाई दर वर्षी इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते पाठवतात. यंदा सप्टेंबरच्या पानावर २३ तारखेच्या चौकोनात गौरी विसर्जन छापलंय आणि त्याखाली लेकाने हिरव्या स्केचपेनाने लिहून ठेवलंय, ‘द. आफ्रिका, रात्री ८’. म्हणजे त्या दिवशी गौरी-गणपती पोचवायचे, बादलीतलं पाणी बागेतल्या गुलाबाला घालायचं, पाहुण्यांची जेवणं लवकर उरकायची आणि आठच्या ठोक्याला टीव्हीसमोर बसायचं. येणाऱ्या पाहुण्यांनाही तसं कळवून टाकलंय. कुणाचीच हरकत नाही.

येत्या शुक्रवारी, ८ तारखेला, फ्रान्समध्ये रग्बीचा विश्वचषक सुरू होतोय. तिकडे तुम्ही आशिया चषकात गुंतलेले असाल, पुढच्या महिन्यात तर क्रिकेटचा विश्वचषक घरातच आहे. पण मी राहते तो देश सध्या वेगळ्याच काळजीत आहे. आयर्लंडचा संघ जागतिक क्रमवारीत पहिला आहे, गेल्या वर्षीच्या जुलैपासून पहिला आहे, सलग १३ सामने जिंकून फ्रान्सला निघालाय. तरी इथे कुणीही छाती पुढे काढून बोलत नाही. का, ते आज सांगायचंय.

आधी खेळाबद्दल थोडं. मी सांगली जिल्ह्यातली. आमच्याकडे संध्याकाळी कबड्डीच्या मैदानाभोवती माणसं कशी गोळा व्हायची ते तिथल्यांना वेगळं सांगायला नको. अकरा वर्षांपूर्वी इथे आल्यावर पहिल्यांदा रग्बी पाहिली तेव्हा मला ती कबड्डीतूनच कळली. समोरचा अंगावर येतोय, तुम्ही खांदा खाली घालून त्याच्या मांड्यांना मिठी मारायची आणि आडवा करायचा. खांद्याच्या वर, मानेला हात लागला तर गुन्हा. पकडणारा एकटा कमी पडला तर दुसरा येऊन साखळी करतो. फरक असा की इथे पंधरा जण आहेत, सामना ८० मिनिटांचा आहे आणि हातातला चेंडू फक्त मागे देता येतो. पुढे जायचं तर पळत जा, नाही तर लाथेने चेंडू पुढे मारा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ५ गुण, त्यावर खांबांमधून मारला की आणखी २. बाकीचे नियम बघता बघता येतात. माझा नऊ वर्षांचा मुलगा रविवारी सकाळी चिखलात खेळून येतो आणि मला शिकवतो.

आणि आता शेजारच्या आजोबांबद्दल. ते मूळचे लिमरिकचे. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मला ते जमलं नाही. मी त्यांना आजोबाच म्हणते, आणि त्यांनाही तो शब्द आता पाठ झालाय. २० ऑक्टोबर १९९१ ला ते डब्लिनच्या लॅन्सडाऊन रोड मैदानात होते. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. सामना संपायला थोडी मिनिटं उरली असताना गॉर्डन हॅमिल्टन डाव्या कडेने धावत सुटला आणि रेषेपार गेला. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले. आयर्लंड १८, ऑस्ट्रेलिया १५. आजोबा सांगतात, त्या क्षणी शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून ते रडले होते. आणि तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या मायकेल लायनाने कोपऱ्यात चेंडू टेकवला. १९–१८. हातातोंडाशी आलेला घास गेला. ऑस्ट्रेलियाने पुढे तो विश्वचषकच जिंकला.

ही एकच जखम असती तर भरून आली असती. पण १९८७, १९९१, १९९५, २००३, २०११, २०१५, २०१९ असे सात वेळा आयर्लंडवाले उपांत्यपूर्व फेरीत हरले आहेत. उरलेल्या दोन स्पर्धांत तर तिथवरही पोचले नाहीत. नऊ विश्वचषक झाले, आणि हा संघ एकदाही उपांत्य फेरीत गेला नाही. ही फेरी त्यांच्या पाचवीला पुजलेली आहे. २०१५ मध्ये मी नवखी होते. कार्डिफमध्ये अर्जेंटिनाने ४३–२० असं लोळवलं. निम्मे मोठे खेळाडू जखमी होते म्हणून लोकांनी मनाची समजूत घातली. २०१९ ला मात्र कारण सापडलं नाही. आधी गटात जपानकडून हरले आणि मग टोकियोत न्यूझीलंडने ४६–१४. आदल्याच वर्षी याच संघाने न्यूझीलंडला डब्लिनमध्ये हरवलं होतं. विश्वचषकाच्या आदल्या वर्षी कळस गाठायचा आणि ऐन वेळी उतरणीला लागायचं, हा या संघाचा आजार आहे असं इथले जाणकार म्हणतात.

मग यंदा काय वेगळं आहे? माझ्या मते बरंच. गेल्या वर्षी हा संघ न्यूझीलंडला गेला, पहिली कसोटी हरला आणि पुढच्या दोन्ही जिंकून मालिका घेऊन आला. तिथे जाऊन मालिका जिंकणं आयर्लंडला कधीच जमलं नव्हतं. नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेला हरवलं. यंदा सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत पाचही सामने जिंकले. शेवटचा १८ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दुसऱ्या दिवशी, इथेच इंग्लंडविरुद्ध. त्या रात्री आमच्या रस्त्यावर हॉर्न थांबतच नव्हते.

प्रशिक्षक अँडी फॅरेल मूळचे इंग्लंडचे. त्यांच्या संघाचा खेळ बघताना माझी नजर चेंडूवर राहतच नाही. चेंडू ज्याच्या हातात असतो त्याच्या आजूबाजूला तीन-चार जण धावत असतात, आणि तो कुणाला देणार हे बचाव करणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. हे एका महिन्याच्या शिबिरात साधत नाही. इथे चारच व्यावसायिक संघ आहेत, लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट, आणि चौघांवर देशाच्या रग्बी संघटनेची पकड आहे. कुणी किती सामने खेळायचे, कुणाला कधी विश्रांती, हे वरून ठरतं. त्यातही राष्ट्रीय संघातले बहुतेक जण लेन्स्टरचे, म्हणजे एरवीही आठवड्याला एकत्र खेळणारे. जेमिसन गिब्सन-पार्क माणसांच्या ढिगाऱ्यातून चेंडू ज्या झपाट्याने बाहेर काढतो, तो पाहायला मी सामना मागे नेऊन पुन्हा लावते.

गिब्सन-पार्क, बंडी अकी, जेम्स लो हे तिघेही न्यूझीलंडमध्ये जन्मलेले. नोकरीसाठी इथे आले, नियमाप्रमाणे सलग तीन वर्षं राहिले आणि आयर्लंडचे झाले. ‘बाहेरचे’ म्हणून कुणी कुजबुजलं की मला ते लागतं. मीही नोकरीसाठीच आले. माझा मुलगा इथे जन्मला, घरात मराठी बोलतो, आणि हिरवा सदरा घालून झोपतो. अकी चेंडू घेऊन दोन-तीन जणांना अंगावर घेत पुढे सरकतो तेव्हा त्याचा गाव कुठला, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

मुळात हा संघच एका देशाचा नाही. आयर्लंडची रग्बी संघटना १८७९ ची, फाळणीच्या आधीची. पुढे बेटाचे दोन भाग झाले, उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला, किती माणसं मेली, पण रग्बीचा संघ एकच राहिला. कुणाच्याही राष्ट्रगीताने दुसऱ्याला दुखवू नये म्हणून १९९५ साली संघासाठी वेगळं गीत लिहून घेतलं. परदेशात तेवढंच वाजतं. फाळणी म्हणजे काय ते आपल्याला सांगावं लागत नाही. म्हणूनच उत्तरेतल्या बेलफास्टचा आणि दक्षिणेतल्या कॉर्कचा खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते गीत गातात तेव्हा मला खेळ सुरू व्हायच्या आधीच भरून येतं.

काळजी आहे ती जॉनी सेक्सटनची. कर्णधार, वय ३८, या स्पर्धेनंतर निवृत्त होणार. मार्चमध्ये इंग्लंडविरुद्ध जांघेत दुखावला, आणि मे महिन्यात लेन्स्टर युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरल्यावर पंचांशी गैरवागणूक केली म्हणून तीन सामन्यांची बंदी आली. त्यामुळे १८ मार्चनंतर तो एकही सामना खेळलेला नाही. त्याच्या जागी रॉस बर्न आणि जॅक क्रोली आहेत, चांगले आहेत, पण संघाचा सूत्रधार सेक्सटनच. डॅन शीहनचा पाय ऑगस्टमध्ये दुखावलाय. अनुभवी कियन हीली तर सामोआविरुद्धच्या शेवटच्या सराव सामन्यात पोटरी धरून बाहेर गेला आणि संघातूनच गळला.

आणि मग गटवाटणी. हिच्याबद्दल मला खरोखर राग आहे. गट पाडले डिसेंबर २०२० मध्ये, तेही १ जानेवारी २०२० च्या क्रमवारीवरून. पावणेचार वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवर आजचे वर्ग ठरवावेत तसं. परिणाम असा की आज क्रमवारीत पहिले पाचही संघ, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, न्यूझीलंड, स्कॉटलंड, दोनच गटांत कोंबले गेलेत, आणि त्या दोन गटांची गाठ उपांत्यपूर्व फेरीत एकमेकांशीच पडणार. आयर्लंड गटात पहिला आला किंवा दुसरा आला, पुढे फ्रान्स किंवा न्यूझीलंड उभाच. इकडे आड, तिकडे विहीर.

दक्षिण आफ्रिका गतविजेती आहे आणि गेल्या महिन्यात लंडनमध्ये तिने न्यूझीलंडला ३५–७ असं हरवलं, न्यूझीलंडचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. त्या दिवशी त्यांनी आठ राखीव खेळाडूंपैकी सात पुढच्या फळीतले दांडगे ठेवले होते. दुसऱ्या अर्धात ताज्या दमाचा आख्खा डोंगर मैदानात उतरतो. दमलेल्या माणसांनी त्याला कसं अडवायचं? कर्णधार सिया कोलिसी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून चार महिन्यांत परतलाय. मला भीती या संघाची जास्त वाटते, फ्रान्सची त्याखालोखाल.

फ्रान्स यजमान आहे, तीनदा अंतिम सामना हरलाय आणि आंत्वान द्युपाँ हा आजचा जगातला सर्वोत्तम खेळाडू त्यांच्याकडे आहे. त्याचा जोडीदार रोमँ एंतामाक मात्र गुडघा दुखावून बाहेर गेलाय. पहिलाच सामना फ्रान्स–न्यूझीलंड. न्यूझीलंड विश्वचषकाच्या गटात आजवर एकदाही हरलेला नाही. शुक्रवारी हरेल असं मला वाटतं, पण त्यावरून त्यांना मोडीत काढू नका.

स्कॉटलंडला २०१७ नंतर आयर्लंडला हरवता आलेलं नाही, तरी त्यांचा फिन रसेल कधी काय करेल याचा नेम नाही. (जाता जाता: स्कॉटलंड आणि इंग्लंड दर वर्षी ज्या करंडकासाठी भांडतात तो आपल्या कलकत्त्याचा. तिथला रग्बी क्लब १८७८ साली बंद पडला तेव्हा शिल्लक राहिलेले चांदीचे रुपये वितळवून तो घडवला. नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती.)

दुसऱ्या बाजूचे दोन गट सोपे आहेत. इंग्लंडची अवस्था वाईट आहे. दहा दिवसांपूर्वी फिजीने त्यांना त्यांच्याच घरात ३०–२२ ने हरवलं, इतिहासात पहिल्यांदाच, आणि कर्णधार ओवेन फॅरेल, म्हणजे आमच्या अँडी फॅरेलचा मुलगा, उंच पकडीसाठी पहिले दोन सामने बाहेर बसणार आहे. तरी या सोप्या वाटेने इंग्लंड उपांत्य फेरी गाठू शकतो. हेच तर मला खटकतं. माझा जीव तिकडे फिजीवर आहे. उणेपुरे नऊ लाख लोकांचा देश, आपल्या गिरमिटियांची नातवंडं-पणतवंडं राहतात तो. ऑस्ट्रेलिया प्रशिक्षक एडी जोन्सच्या हाताखाली पाचपैकी पाच सामने हरलाय, वेल्स चाचपडतोय. फिजी उपांत्यपूर्व फेरीत जाईल, लिहून ठेवा. आणि त्या बाजूने उपांत्य फेरीत अर्जेंटिना.

आयर्लंडचं म्हणाल तर माझा कौल असा: २३ तारखेला दक्षिण आफ्रिकेला हरवतील, गटात पहिले येतील. मग १४ ऑक्टोबर, रात्री आठ. ती रात्र पार पडली तर चषक इथे येईल. ती नाही पडली तर दक्षिण आफ्रिका.

१४ ऑक्टोबरच्या चौकोनात लेकाने भारत–पाकिस्तान कधीच लिहिलंय. अहमदाबादचा सामना आमच्याकडे सकाळी साडेनऊला लागेल. काल त्याखाली तो हिरव्या पेनाने ‘आयर्लंड’ लिहायला लागला. आजोबा चहाला आले होते. त्यांनी हळूच त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं, खिशातून शिसपेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, आत्ता याने लिही.

शनिवारी अडीच वाजता बोर्दोमध्ये पहिला सामना, रोमानियाशी. आजोबांना थालीपीठ हवंय. भाजणी संपत आलीये, पण तेवढ्यापुरती आहे.