तुम्ही विचारलंत म्हणून: माझं नाव सोयरा का?

"सोयरा? संभाजी महाराजांच्या सावत्र आईवरून ठेवलंय का?" नवीन ओळख झाली की हे येतंच, बँकेत, लग्नात, ऑफिसात, म्हणून एकदा नीटच लिहिते.

नाही, राणीवरून नाही. त्या सोयराबाई म्हणजे तळबीडच्या मोहित्यांच्या लेक, सरसेनापती हंबीररावांची बहीण, 1674 ला रायगडावर शिवाजी महाराजांसोबत पट्टराणी म्हणून बसलेल्या, पण लोकांना आठवतं ते फक्त राजारामांना गादीवर बसवायचं कारस्थान, आणि मग मला विचारतात की घरच्यांना दुसरं नाव सुचलं नाही का.

नाव आजीने ठेवलं. आजी वारकरी, तिची सोयरा म्हणजे चोखोबांची, संत चोखामेळ्यांची बायको, 14व्या शतकातली, मंगळवेढ्याची. "अवघा रंग एक झाला" तुम्ही नक्की ऐकलाय, किशोरी आमोणकरांच्या आवाजात तर ऐकलाच असेल, तो अभंग तिचा. पण शेवटी ती स्वतःचं नाव घेतच नाही, "म्हणे चोखियाची महारी" एवढंच, नवऱ्याचं नाव आणि जात, त्यामुळे कितीतरी जण तो चोखोबांचाच समजून गातात. मला ह्याचं फार वाईट वाटतं. देवळाच्या आत पाऊल टाकायची बंदी असलेली ही बाई दुसऱ्या एका अभंगात सरळ विचारते की विटाळ तर देहातच जन्माला येतो, मग सोवळा झाला तो कुठल्या धर्माने? इतक्या शतकांपूर्वी! हे वाचलं तेव्हापासून मला नावाबद्दल कोणी काही बोललं तरी फरक पडत नाही.

अर्थ साधाच आहे, सोयरा म्हणजे लग्नसंबंधातून जोडलेलं माणूस, सगेसोयरे मधलं. 2024 ला मराठा आरक्षणाच्या बातम्यांत तो शब्द रोज यायचा तेव्हा तर नावाची चौकशी अजूनच वाढली.

आणि त्या घरात ती एकटी नव्हती लिहिणारी. मुलगा कर्ममेळा, नणंद निर्मळा, निर्मळाचा नवरा बंका जो सोयराचाच भाऊ, सगळ्यांचे अभंग आहेत. मुलीसाठी वेगळं नाव शोधत असाल तर निर्मळाचा पण विचार करा, निर्मला नाही, निर्मळाच.

मला मात्र नुसतं सोयरा म्हणा, पुढे बाई लावलं की लोकांना लगेच राणीच आठवते.