विलंबित मारिओ

दिवाळीच्या साफसफाईत आईनं माळ्यावरून जुना टीव्ही गेम खाली काढला आणि विचारलं, "भंगारात घालू काय?" मी नको म्हणालो, तिथंच चुकलं. पुढचे चार रविवार सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल माझ्या ताब्यात होतं आणि बाकीचे मांडी घालून खाली जेवत होते.

गेम म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल. अस्सल यंत्र तिकडं 1983 साली आलं; आमच्यापर्यंत पोचली ती त्याची चुलत-चुलत भावंडं. कॅसेटवर नऊ-नऊ आकडे छापलेले, आत खरे गेम पाच-सहा, बाकी त्यांचीच सोंगं. यंत्राचं झाकण उघडलं तर नीट चिपही दिसेना. बोर्डावर काळा गोळा, काकवीचा थेंब सांडून वाळावा तसा. सगळं यंत्र त्याच्या पोटात. शेजारी यंत्राचा ठेका धरणारा चकाकता क्रिस्टल, त्यावर 26.601 असा आकडा.

भानगड त्या आकड्यात होती; तो आपल्याकडच्या टीव्हीला जुळवलेला. जपानी टीव्हीवर सेकंदाला 60 वेळा चित्र उमटतं, आपल्या पाल पद्धतीत 50 वेळा. आणि हे गेम वेळ मोजतात ते चित्रांवर. म्हणजे जपानातला मारिओ जेवढ्या वेळात साठ पावलं टाकायचा, तेवढ्यात आमचा पन्नास. पडद्यावरचं 400पासून उलटं मोजणारं घड्याळही तेवढंच सुस्त, त्यामुळं चोरी कुणाच्या लक्षातच यायची नाही. गंमत पुढंच आहे. कंपनीनं युरोपात विकलेल्या अस्सल यंत्रात प्रोसेसरही मंदावलेला, 1.66 मेगाहर्ट्झ. नकलाकारांना जपानी कॅसेटी आहेत तशा चालवायच्या होत्या, म्हणून त्यांनी तो 1.77वर ठेवला, मूळच्या 1.79ला खेटून. परिणाम असा की प्रोसेसरवर ठरणारे संगीताचे स्वर जवळपास जागेवर राहिले, चित्रांवर मोजली जाणारी लय तेवढी उतरली. अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज इथून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडं मारिओनंही विलंबितच लावावा, हे रीतीला धरूनच झालं म्हणायचं.

मला हवा होता एक खटका. खाली पन्नास, वर साठ. सहा पायांचा सरकता स्विच आणला. तीन पाय दोन क्रिस्टलांमध्ये निवड करायला, जुना 26.601चा आणि नवा, जपानी मापाचा, 21.477चा. उरलेले तीन चिपला 'आता तू जपानात आहेस' हे सांगायला. प्लास्टिकला भोक पाडायचं म्हणून गॅसवर स्क्रूड्रायव्हर तापवला.

"काय करालायस रं? घरभर वास सुटलाय!"

"भोक पाडतोय."

"एवढं शिकून?"

सगळं जोडलं, सुरू केलं, पडदा काळा. साठला काळा, पन्नासलाही काळा. मी लांबलचक वायरी वापरून स्विच मागच्या बाजूला, दिसणार नाही असा ऐटीत बसवला होता. शेवटी गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडं गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बोर्ड नाकाजवळ नेला आणि माझ्या सोल्डरिंगकडं शेजारच्या पोरानं कुंपणावरून उडी मारल्यावर बघावं तसं बघितलं. "लेका, क्रिस्टलला एवढ्या लांब वायरी? तो उठणारच नाही. आखूड कर. आणि मशिन चालू असताना खटका ओढू नकोस."

वायरी बोटाच्या पेराएवढ्या केल्या. स्विच आता अगदी समोर, नाकावर मस बसावा तसा. त्यांच्याच दुकानातल्या जुन्या डबा टीव्हीवर साठला लावलं तर मारिओ काळापांढरा आणि चित्र वर वर पळतंय. तो बिचारा पन्नासाशीच एकनिष्ठ. घरच्या नव्या टीव्हीनं मात्र दोन्ही मुकाट्यानं पचवलं.

तर साठला लावून बसलो. गाणं सुरू झालं आणि मला वाटलं, कुणीतरी मागं लागलंय. ढग, विटा, सगळं ओळखीचं, पण घाईत. पहिलाच बुटका शत्रू समोरून आला. त्याच्यावर उडी कधी मारायची हे माझ्या अंगठ्याला तीस वर्षं पाठ आहे. अंगठ्यानं ती तेव्हाच मारली. मारिओ मेला. दुसऱ्यांदाही तिथंच. तिसऱ्यांदा खड्ड्यापर्यंत पोचलो.

भाची भडंग खात बघत होती. "मामा, खटका खाली कर की. तुला जमंना."

खाली करायचा तर आधी मशिन बंद करायला हवं. मी बटणाकडं हात नेला, तोवर तिनं तेलकट बोटांनी रिमोट ओढून घेतला होता, आणि खड्डा तिच्या मागं राहिला होता.