उन्हात आलेली वाडी

3 जून, रात्र

आज सकाळी आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत पाणी लावताना तारीख आठवली. मग दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

2020 साली याच दिवशी निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. मी घरीच होतो. अंधेरीच्या एका हॉटेलात चौदा वर्षं फ्रंट ऑफिसला होतो. मार्चमध्ये चार शर्ट घेऊन गावी आलो, पंधरा दिवसांत परत जायचं म्हणून. मे महिन्यात फोन आला, आता येऊ नका. जेमतेम दोन मिनिटांचा फोन.

आणि मग हे. दुपारभर पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मध्यावर कडाडून मोडत होत्या. आई देवापाशी बसून होती, बाबा खिडकी सोडत नव्हते. आमच्या वाडीत भर दुपारीसुद्धा जमिनीवर नुसते कवडसे पडायचे. वादळानंतर ऊन पडलं ते थेट विहिरीजवळच्या पाण्याच्या डोणीवर. बाबा मागच्या दारी उभे राहिले आणि त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला. स्वतःच्या वाडीत त्यांना तसं करावं लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ती वाडी बाबांनी उभी केलेली. ते मुंबईला कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बाबांना वाटलं, महिना-दोन महिने गावी काढू. तो संप मिटल्याचं रीतसर कुणी कधी सांगितलंच नाही. आजोबांच्या पडीक वाडीत ते उतरले तेव्हा त्यांना माडावर चढतासुद्धा येत नव्हतं. सत्ताविसाव्या वर्षी शिकले, पोटऱ्या सोलून घेत. मोडलेल्या पोफळी त्या दिवसांत लावलेल्या.

भेटायला येणारे मला म्हणायचे, जे होतं ते बऱ्यासाठीच होतं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. बाबांच्या खोलीवरचे दोन सोबती मुंबईतच राहिले, मिळेल ती हमाली करत गेले. त्यांच्या गावी वाडी नव्हती, एवढाच फरक. माझ्याबरोबरचे कितीजण त्या मे महिन्यात भाड्याच्या खोलीत अडकले होते. त्यांच्यासाठी काय बरं झालं?

वादळाच्या सरकारी मदतीचा हिशोब आधी हेक्टरी होता. गुंठ्यांत मोजायच्या वाड्यांना तो कसा लागू पडणार? पुढे झाडामागे धरली, पोफळीला 50 रुपये, माडाला 250. पोफळ धरायला सहा-आठ वर्षं लागतात.

त्या थंडीत बाबांनी उभ्या राहिलेल्या पोफळींतली सात झाडं निवडली. पिकून नारिंगी झालेली रोठा सुपारी बादलीत सोडायला सांगितली. देठाची बाजू वर धरून जी तरंगते ती बियाण्याला, बाकीची बाजूला. मी पहिल्यांदाच बघत होतो. वाळूच्या वाफ्यात देठ वर ठेवून लावल्या. दीड-दोन महिन्यांनी हिरवी टोकं वर आली आणि मी आईला हाक मारली. हॉटेलात बढती झाली तेव्हाही मी असा ओरडलो नव्हतो.

दोन पानांची झाल्यावर रोपं पिशव्यांत गेली. शेजारी मागायला येऊ लागले, सगळ्यांच्याच वाड्या मोकळ्या झालेल्या. कुणी किती नेली, कधी लावली, किती जगली, हे मी वहीत लिहीत गेलो. काउंटरवर लागलेली सवय. आज ही रोपवाटिका माझं पोट आहे. बाहेरून कुणी विचारलं, काय करता, तर सुपारीची रोपं करतो म्हणून सांगतो, आणि सांगताना बरं वाटतं. पण वाडी मोडली नसती तर हे सांगायची वेळ आली नसती. आणि ती मोडलेली मला आजही नकोच होती.

आमची स्वतःची रोपं 2022 च्या पावसात लावली. पोय, म्हणजे फुलोरा, अजून एकीलाही नाही.

संध्याकाळी बाबा पश्चिमेकडच्या पोफळींच्या बुंध्यांना माडाची झापं बांधत होते. तिकडचं ऊन बुंधा भाजतं. मी म्हटलं, बाबा, पाऊस तोंडावर आलाय, आता कशाला? त्यांनी सुंभाचं टोक माझ्या हातात दिलं. "धर घट्ट."

अंधार पडेपर्यंत अकरा झाडं झाली. राहिलेली उद्या.