बाबेलच्या व्यापाऱ्यांची यादी

बायबलमधल्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकातला कुठला अध्याय सगळ्यात जवळचा, असं कुणी विचारलं तर मी अठरावा सांगते. बहुतेकांच्या लक्षात चार घोडेस्वार आणि सात डोक्यांचं श्वापद राहतं. माझ्या मनात घर करून बसली आहे ती मालाची यादी. बाबेल, म्हणजे बॅबिलोन, नगरी जळते आहे आणि तिचे व्यापारी लांब उभे राहून रडताहेत, कारण आता त्यांचा माल घेणारं कुणी उरलं नाही. सोनं, रुपं, मोती, तलम वस्त्रं, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ. आणि सगळ्यात शेवटी, मेंढरं-घोड्यांच्याही नंतर, गुलाम. माणसांचे जीव.

मी वसईची आहे. आमच्या पॅरिशमध्ये मुलांना बायबल शिकवते. ही यादी वाचताना मला आमचाच किनारा दिसतो. प्रकटीकरणाचा लेखक योहान यानं लिहिलं त्याच पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा आहे, कल्याण आहे, हस्तिदंत आणि कापड जिथून रोमन जगाकडे जायचं ते भडोचही आहे. भारताच्या मालापायी दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) बाहेर जातात, अशी तक्रार त्याच काळातल्या प्लिनी या रोमन लेखकानं केली आहे. म्हणजे योहान ज्या वैभवावर बोट ठेवतो, त्यातला काही माल आमच्या बाजूच्या खाड्यांतून चढलेला होता. हे समजल्यापासून तो अध्याय मला परक्या देशाचा वाटत नाही.

आता बाबेल म्हणजे कोण? योहानाच्या काळी खऱ्या बाबेलचं साम्राज्य लयाला जाऊन शतकं उलटली होती. सतराव्या अध्यायात तो सांगतो, ती स्त्री सात डोंगरांवर बसली आहे. हे ऐकल्यावर रोमच्या आशिया प्रांतातल्या कुणालाही रोमच आठवलं असतं. शिवाय यरुशलेमचं मंदिर इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं पाडलं, आणि इ.स. 70 मध्ये रोमच्या सैन्यानं पुन्हा जाळलं. ज्यांचं मंदिर दोनदा गेलं, त्यांना दोन्ही शत्रूंना एकच नाव देण्यासाठी आणखी कारण कशाला हवं?

हे योहानानं एकट्यानं केलं असंही नाही. जवळपास त्याच वर्षांत एका यहुदी लेखकानं जुन्या करारातल्या एज्राच्या नावानं ग्रंथ लिहिला. त्याचा एज्रा मंदिर पडल्यावर तिसाव्या वर्षी बाबेलात आहे, आणि समुद्रातून बारा पंखांचा, तीन डोक्यांचा गरुड वर येताना त्याला दिसतो. हा गरुड म्हणजे रोम. देवदूत त्याला सांगतो की तुझा भाऊ दानीएल (जुन्या करारातला संदेष्टा) यानं पाहिलेलं चौथं राज्य ते हेच, पण दानीएलला त्याचा अर्थ असा उलगडून सांगितला नव्हता. मला ही जागा फार मोलाची वाटते. जुनं चिन्ह घ्यायचं आणि आपल्या छातीवर बसलेल्या सत्तेला लावून पाहायचं, ही त्या परंपरेतली उघड, मान्य रीत होती.

दानीएलच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायात चार श्वापदं समुद्रातून येतात: पंखांचा सिंह, तोंडात तीन फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता आणि लोखंडी दातांचं, दहा शिंगांचं भयंकर असं चौथं. कथा बाबेलच्या दरबारातली आहे, पण बहुतेक अभ्यासक हा भाग यहुद्यांवर राज्य करणाऱ्या ग्रीक राजा अंतियोख एपिफानेसच्या काळातला मानतात. इ.स.पू. 167 मध्ये त्यानं मंदिर भ्रष्ट केलं, शब्बाथ आणि सुंता यांवर बंदी घातली. मुलाची सुंता केली म्हणून आईला मारत होते, त्या दिवसांतलं हे लिखाण. मग पुराणपुरुष, म्हणजे देव, आसनावर बसतो, पुस्तकं उघडली जातात, श्वापदाचा निकाल लागतो. घाबरलेल्या माणसांना हे ऐकायची किती गरज असेल!

म्हणूनच व्हॉट्सॲपवर 666 चा, म्हणजे प्रकटीकरणातल्या श्वापदाच्या आकड्याचा, संबंध लशीशी आणि बारकोडशी जोडणारे मेसेज फिरतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. गेल्या वर्षी वर्गातली एक मुलगी ते वाचून रात्रभर झोपली नव्हती. तिच्याबरोबर बसून मी हिशेब मांडला. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहायचं, प्रत्येक अक्षराची किंमत घालायची: 50, 200, 6, 50, मग 100, 60, 200. बेरीज 666. नावाचा लॅटिन उच्चार घेऊन शेवटचा 'न' सोडला तर 616, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर 616 च आहे. तिनं स्वतः दोनदा बेरीज केली. ज्यांना भ्यायचं नाही असं सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं, त्यांच्याच लेकरांना आज त्यानं भिववायचं, हे मला सहन होत नाही.

चर्चचं वर्ष संपत येतं त्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोजच्या मिस्सेला एका वर्षी दानीएल, दुसऱ्या वर्षी प्रकटीकरण वाचतात. त्या आधी घरी एकदा दानीएल सात आणि प्रकटीकरण तेरा शेजारी ठेवून वाचा. तेराव्यातल्या श्वापदाचं अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचं आहे. दहा शिंगंही मोजून घ्या. मग अठराव्याकडे या, आणि यादी मोठ्यानं वाचा, शेवटच्या शब्दापर्यंत.