बावखलांच्या गावात वैशाखातले आठ दिवस

माझे माहेर बार्शी तालुक्यातले. त्यामुळे उन्हाळा म्हटला की होळीनंतर दिसू लागणारा विहिरीचा तळ, नांगरून टाकलेल्या रानात तापत पडलेली ढेकळे आणि लिंबाच्या सावलीला बसून मृगाची वाट पाहणारी माणसे, एवढेच चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. आमच्याकडे वैशाख हा हात थांबण्याचा काळ असतो. माझ्या शाळेतली एक सहशिक्षिका वसईच्या कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती समाजातली आहे. "यायचे तर मे महिन्यातच ये, तेव्हा वाडीत कुणाला बसायलाही सवड नसते," असे ती कित्येक वर्षे सांगत होती, पण भर उन्हाळ्यात शेतकऱ्याला कसली एवढी घाई असणार, हे मला उमगत नव्हते. गेल्या मे महिन्यात तिच्या माहेरी आठ दिवस राहून आले, तेव्हा ते उमगले.

नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला उतरून बसमध्ये बसल्यावर बराच वेळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती, दुकाने आणि रिक्षांच्या रांगा यांखेरीज काहीच दिसत नाही. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथला बौद्ध स्तूप उकरून काढला होता, हे ठाऊक असूनही त्या गर्दीत त्याची आठवण ठेवणे अवघड जाते. मग एका वळणावर रस्ता अचानक अरुंद होतो, दोन्ही बाजूंच्या कुंपणांवरून केळीची पाने आत डोकावू लागतात आणि घामाने चिकटलेल्या अंगाला पहिल्यांदा गार वारा लागतो. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल अशी एकमेकांना चिकटून असलेली गावे इथून सुरू होतात. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख, पूर्वेला मिठागरे आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा चौकटीत ही हिरवी पट्टी बसलेली आहे.

मैत्रिणीचे घर उतरत्या कौलांचे, पुढे ओटा आणि ओट्यासमोर तुळशीवृंदावनाच्या जागी शोभावा असा चुन्याने रंगवलेला छोटा क्रूस. काका वाडीतच होते. मावशींनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि दुसऱ्याच वाक्यात "उद्या पहाटे पाण्याची पाळी आपली आहे, बघायला उठशील ना?" असे विचारले. पुढल्या आठ दिवसांत हा 'पाळी' शब्द माझ्या कानांवर इतक्यांदा पडला की घरी परतल्यावरही तो माझ्या बोलण्यात येत राहिला.

विहीर तीन भावांच्या सामायिक मालकीची आहे आणि कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी कुणी पाणी घ्यायचे, हे आजोबांच्या वेळेपासून ठरलेले आहे. पूर्वी रहाट होता. त्याला बैल किंवा रेडा जुंपलेला असे आणि त्याचा करकर आवाज पहाटे सगळ्या आळीत ऐकू येत असे, असे आजी सांगतात. आता विजेचा पंप आहे, रहाटाचा एक लाकडी खांब मात्र विहिरीच्या काठावर अजून उभा आहे. जमीन वाळूमिश्रित असल्यामुळे पाणी तिच्यात फार काळ टिकत नाही. आमच्याकडे रान एकदा भिजवले की आठवडाभर निश्चिंत राहता येते, इथे मात्र उन्हाळ्यात थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे लागते. केळी, अळू, पडवळ, दुधी, आधारावर चढवलेली पानवेल, मोगऱ्याचे ताटवे आणि कडेने सोनचाफा, असे सगळे त्या दीड-दोन एकरांत दाटीवाटीने उभे होते. काका अनवाणी पायांनी पाटाची माती इकडची तिकडे लोटत एकेका वाफ्यात पाणी वळवत होते. कुदळीचा त्यांनी क्वचितच उपयोग केला, टाचेनेच ते बांध फोडत आणि टाचेनेच बुजवत. वैशाखात ज्याने पाणी चुकवले त्याची केळ पावसात उभी राहत नाही, हे त्यांनी मला काम न थांबवता सांगितले.

तिसऱ्या दिवशी बावखलाचे काम निघाले आणि या प्रवासातला माझा सर्वांत मोलाचा दिवस तोच ठरला. बावखल म्हणजे वाडीच्या सखल भागात राखलेले गोड्या पाण्याचे छोटे तळे. वसईच्या या पट्ट्यात वाड्यावाड्यांतून अशी तळी आहेत. पावसाळ्यात भोवतालचे पाणी त्यांत साचते, सावकाश जमिनीत मुरते आणि विहिरींना उन्हाळाभर पुरते. वरवर पाहिले तर ते शेवाळलेले डबके वाटते, पण समुद्र इतका जवळ असताना या गावांच्या विहिरी गोड राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे. किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, गोड्याचा साठा भरलेला असेल तोवर खारे पाणी दबून राहते, आणि उपसा जास्त होऊन भरणा कमी झाला की खारे पाणी वर चढते. काकांनी हे मला विहिरीच्या काठावर ओल्या वाळूत बोटाने दोन रेघा ओढून समजावून दिले आणि भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारखीला ते जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही पुस्तकातून कळले नव्हते.

मे महिन्यात पाणी तळाशी गेले की बावखलातला गाळ काढतात. त्या दिवशी सकाळी सहालाच तिन्ही भावांची घरे, सुट्टीला आलेली नातवंडे, मुंबईत बँकेत आणि रुग्णालयात नोकरी करणारे दोन पुतणे आणि शेजारचे एक हिंदू सामवेदी कुटुंब, असे वीस-बावीस जण जमले. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची घरची बोली एकच आहे. ती बोली, जिला कादोडी असेही म्हणतात, सगळे जण त्या चिखलात इतक्या वेगाने बोलत होते की मराठीची शिक्षिका असूनही मला निम्मेच समजत होते. माझ्याशी बोलताना मात्र प्रत्येक जण आवर्जून प्रमाण मराठीत बोले. गुडघाभर गाळात उतरलेल्या मुलांनी घमेली भरायची, काठावरच्यांनी ती हातोहात पुढे द्यायची आणि शेवटी काकांनी तो काळाभोर गाळ केळीच्या बुंध्यांशी पसरायचा, असा क्रम होता. मीही रांगेत उभी राहिले. दुपारपर्यंत माझे दंड भरून आले होते. गाळात सापडलेले मासे मुलांनी बादलीत जमा केले आणि दुपारच्या जेवणात त्यांचे कालवण झाले. बावखल कुणाच्या नावावर आहे, असे मी विचारले तेव्हा काकांनी सातबाऱ्यावरचे नाव सांगितले आणि लगेच म्हणाले, "नाव एकाचे असते, ओलावा सगळ्यांचा असतो."

दुपारी ऊन असह्य झाले की पुरुष ओट्यावर आडवे होत, पण बायकांचे काम तेव्हाच सुरू होई. गच्चीवर वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या, हळकुंडे आणि धणे वाळत असत, कोळणीकडून घेतलेले सुके बोंबील पुन्हा एकदा उन्हे खात पडलेले असत आणि पावसाळ्यात लागणारी लाकडे पडवीत रचली जात. एका दुपारी आम्ही आगाशीला सुकेळी पाहायला गेलो. पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवतात आणि मग केळीच्याच सुक्या पानांत बांधतात. त्यांत साखर घालत नाहीत, तरीही मधासारखी गोडी उतरते. हे काम करणारी घरे आता थोडीच उरली आहेत, कारण त्यात श्रम फार आहेत आणि ढग आले की केलेले सगळे वाया जाते. ती कला टिकावी असे मला मनापासून वाटते, म्हणून मी परवडतील तेवढी बांधणी विकत घेतली.

मे महिना हा कॅथलिक परंपरेत माता मरियेच्या भक्तीचा महिना. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की वाडीतले काम थांबते आणि साडेसातच्या सुमारास आळीच्या क्रूसापाशी जपमाळेची प्रार्थना होते. क्रूसाला चुना दिलेला, त्यावर वाडीतल्याच मोगऱ्याचे हार, खाली चटया अंथरलेल्या. इथेही पाळी असते. रोज एकेका घराने दिवा लावायचा, प्रार्थना सांगायची आणि शेवटी सर्वांना उकडलेले चणे वाटायचे. माझ्या माहेरी रोज संध्याकाळी हरिपाठ होत असे, त्यामुळे एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा ही लय मला परकी वाटली नाही. लाल लुगड्यातल्या आजी डोळे मिटून मणी ओढत होत्या आणि त्यांच्या मांडीवर गाळ काढून दमलेले पणतू झोपी गेले होते. प्रार्थनेच्या शेवटी आळीतल्या आजारी माणसांची नावे घेतली गेली आणि त्यांच्यापाठोपाठ पावसासाठी विनंती झाली. घरी गेल्यावर मैत्रिणीने सांगितले की कुपारी हा शब्द पोर्तुगीज 'कॉम्पाद्रे' वरून आला. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा धर्मपिता आणि मुलाचा बाप यांच्यातले जे नाते, त्याचे हे नाव. एका समाजाने नात्याच्या नावानेच ओळखले जावे, हे मला फार सुंदर वाटले.

या समाजाची गोष्ट १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हाती गेल्यानंतर सुरू होते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, राज्य बदलले, पण वाड्या आणि त्यांत राबणारी माणसे तिथेच राहिली. रविवारी आम्ही नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला गेलो. हा धर्मग्राम सोळाव्या शतकातला आहे. कॅथलिक धर्मगुरूंच्या १९६२ ते १९६५ मधल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लॅटिनऐवजी लोकभाषांत होऊ लागली आणि आज इथली वाचने, गीते आणि प्रवचन सगळे शुद्ध, ओघवत्या मराठीत होते. उपवासकाळात लग्ने होत नसल्यामुळे ईस्टरनंतर पाऊस येईपर्यंत लग्नांची एकच दाटी उडते. आठ दिवसांत मी तीन मांडव पाहिले, आणि तिन्ही ठिकाणी आळीतल्या बायका आदल्या रात्री एकत्र बसून कांदे चिरत होत्या.

याच नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले तेव्हा ते अध्यक्ष होते आणि बार्शीहून जवळ असल्यामुळे मी त्यांना ऐकायला गेले होते. वसईत त्यांची आठवण साहित्यिक म्हणून काढली जातेच, पण काकांच्या पिढीला ते आठवतात ते हरित वसईच्या चळवळीमुळे. आसपासची शहरे वाढू लागली तेव्हा इथल्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. काही जणांनी पैशांसाठी विकले, शेजाऱ्यांच्या विहिरी मचूळ झाल्या आणि पानवेली जळाल्या. काका तेव्हा तरुण होते. रस्त्यावर टँकर अडवायला उभ्या राहिलेल्या बायकांत आपली आईही होती, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. पुढे २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तीत गावे घेण्यालाही इथल्या लोकांनी विरोध केला. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली होती. शेजारची एक वाडी विकली गेली आहे, तिथले बावखल भरावाने बुजवले आहे आणि त्या बाजूच्या विहिरीचे पाणी मी चाखून पाहिले. ते जिभेवर खारट लागते. मला याचा राग आला आणि अजूनही येतो, कारण चार पिढ्यांनी गाळ काढून राखलेले तळे बुजवायला डंपरच्या काही खेपा पुरतात.

शेवटच्या दिवशी मी पहाटे तीनला उठले. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी खुडाव्या लागतात, म्हणून मावशी, मैत्रीण आणि मी डोक्याला विजेऱ्या बांधून ताटव्यांत उतरलो. अंधारात कळी दिसण्याआधी तिचा वास येतो आणि बोटे आपोआप तिकडे वळतात. काकांनी चाफा काढला. ओल्या फडक्यात कळ्या बांधून आम्ही पहाटेची लोकल धरली. डब्यात इतर गावांच्या बायका भाजीच्या पाट्या, केळीची पाने आणि फुलांची गाठोडी घेऊन आधीच बसल्या होत्या. त्यांनी सरकून आम्हाला जागा करून दिली.

दादरच्या फुलबाजारात तराजूवर गाठोडी चढली, भाव ठरला आणि पाऊण तासात सगळे आटोपले. मला पुढे सोलापूरची गाडी धरायची होती आणि तिला अजून वेळ होता, म्हणून चहा घेऊ या असा मी मावशींना आग्रह केला. त्यांनी रिकामे फडके झटकून घडी घातली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता नको बाळा, नऊ वाजता पाण्याची पाळी आपली आहे." विरार लोकल लागलेली होती. त्या दोघी जिना उतरून फलाटावरच्या गर्दीत शिरल्या.