पावसाळ्यात मातीचे मग का वाळत नाहीत

माझा पॉटरीचा स्टुडिओ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी चाक बघायचं असतं, रील्समधे तेच दिसतं ना. पण जूनपासून वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात खरं काम चालतं ते वाळवण्याचं. चाकावर मातीचा मग दहा मिनिटांत उभा राहतो आणि जुलैमधे तोच मग वाळायला आठवडा पण पुरत नाही, बाहेर ठाण्याचा पाऊस आणि आत हवेत इतका ओलावा की पंख्याचा काही उपयोगच नाही.

घाई अजिबात चालत नाही. माती वाळताना आक्रसते, आमची स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची माती तर पूर्ण भाजून होईपर्यंत 10-12 टक्के लहान होते. त्यात मगचा कान बारीक, तो पटकन सुकतो, अंग ओलंच, त्यामुळे दोघांची ओढाताण होते आणि नेमकं जोडावर केसाएवढी चीर पडते. म्हणून कानावर प्लॅस्टिक गुंडाळून ठेवायचं आणि बाकीचा मग उघडा. वाळला का हे कळायला तो गालाला लावायचा, थंड लागला तर आत अजून पाणी आहे. हे मला आमच्या मॅडमनी शिकवलं, त्या पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेल्या. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मधे सुरू केलेली ती जागा, आपल्याकडचे कितीतरी स्टुडिओ पॉटर तिथेच घडलेत.

ओला मग भट्टीत गेला की 100 डिग्रीला पाण्याची वाफ होते आणि तो फुटतो, शेजारचे चार घेऊन फुटतो. म्हणून पावसाळ्यात भट्टी 100 च्या खाली तासन्‌तास धरून ठेवते मी. पुढे 573 ला मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तिथेही हळूच जायचं आणि थंड होताना तर जास्तच जपायचं. पहिली भाजणी 1000 च्या आसपास, त्यानंतर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, आणि परत 1220 पर्यंत.

प्रदर्शनात कुणी विचारलं की एवढासा मग आणि एवढे पैसे, तर मी हे सगळं सांगते, अगदी मनापासून सांगते, आणि लोक ऐकतात हो, त्यातले काही जण तर विकत घेण्याआधी मगच्या कानाचा जोड नीट निरखून बघायला लागलेत.