जुन्या गोव्याची वाट आणि दोन हात जमीन

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला चालत जायचं म्हणजे साधारण पासष्ट-सत्तर किलोमीटर. 3 डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त. 24 नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते, आणि त्या नऊ दिवसांत बेळगावकडून, कारवारकडून, आमच्या सिंधुदुर्गातून माणसं पायी निघतात. मी कितीतरी वर्षं ‘पुढच्या वर्षी’ म्हणत होतो. 2023 ला निघालो. नवस वगैरे काही नव्हता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, एवढंच खरं कारण. निदान निघताना तरी एवढंच होतं.

30 नोव्हेंबरला पहाटे मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली आणि आम्ही चौदा जण रस्त्याला लागलो. सामानाला एक टेम्पो. एक तरुण फादर, चार-पाच कॉलेजची मुलं, बाकी सगळे पन्नाशीपुढचे. सर्वांत वयस्क होती ती एकाहत्तर वर्षांची, सगळे तिला तीय, म्हणजे मावशी, म्हणतात. नऊवारीच्या ओच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आणि चौदावा माझा शाळेतला मित्र. हा माळकरी, दर आषाढीला पंढरपूरला जाणारा. ‘माका चलण्याची सवय आसा, तुका नाय,’ म्हणून सोबतीला आला, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ‘माऊली’ म्हणू लागला. फादरनासुद्धा.

पहिला दिवस बांद्यापर्यंत बरा गेला. पुढचा हायवे आता चौपदरी झालाय, गाडीवाल्यांना सुख आहे, पण झाडं गेली. नोव्हेंबर सरत आला तरी अकरानंतर डांबर पायाला लागतं. तेर्स, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणत चाललं की पावलं आपोआप एका ठेक्यात पडतात. मित्र म्हणाला, ‘आमच्यात टाळ करता ता काम तुमच्यात ह्या मणी करतत.’ संध्याकाळी पत्रादेवीला पोचलो. हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. 15 ऑगस्ट 1955 ला हातात काही न घेता ह्याच हद्दीतून माणसं गोव्यात शिरली आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. मुलं फोटो काढत होती. मी बुटातून पाय काढला तर उजव्या टाचेला सुपारीएवढा फोड.

रात्री सुईदोरा घेऊन तीयेने तो फोडला. दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. ही विद्या मित्रालाही ठाऊक होती. दोघं माझ्या टाचेवर डोकी लावून बसले होते, तेव्हा बोलणं निघालं.

‘तुमचा कठीण,’ मित्र म्हणाला. ‘तुमका एकच जल्म. त्याच्यावर कायमचा निकाल. आमचा बरा, ह्या जल्मात नाय जमला तर फुडल्या.’

तीयेने वर न बघता सांगितलं, ‘एकूच जल्म, पूण निमाण्या श्वासामेरेन वेळ आसा.’ शेवटच्या श्वासापर्यंत.

मी गप्प होतो, कारण मला माझा गडगा, बागेची दगडी कुंपणभिंत, आठवली होती.

सांगून टाकतो. माझा धंदा चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. खाणीतून चिरे आणायचे, बांधकामाला पुरवायचे. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या बागेला चिऱ्यांचा गडगा घातला. शेजारची बाग चुलतभावाची, तो मुंबईला. तो येईपर्यंत गडगा उभा झाला होता आणि दोन हात त्याच्या बाजूला सरकला होता. चुकून नव्हे. दोन चांगले माड होते, ते आत यावेत म्हणून. तो आला, उभा राहून बघितलं, काही बोलला नाही. त्यानंतर नाताळला आमच्याकडे यायचा थांबला. मी मनात म्हणायचो, दोन हातांनी काय होतंय, वेळ गेला की निवळेल. ह्याला मी आशावाद समजत होतो. त्या दोन माडांचे नारळ सहा वर्षं आमच्या घरच्या आमटीत पडत होते, आणि मी दर रविवारी मिस्सेला पुढच्या बाकावर बसत होतो.

दुसऱ्या दिवशी धारगळची चढण, मग कोलवाळचा पूल. फादर माझ्याबरोबर चालत होते. झेवियर पॅरिसला शिकत होते तेव्हाचं सांगत होते. तरुण, खानदानी, पुढे मोठी पदं दिसत होती. खोलीत सोबत पीटर फेबर आणि नंतर आलेले वयाने मोठे इग्नेशियस, पुढे जेझुइट संघ काढणारे. परंपरा सांगते की इग्नेशियस ख्रिस्ताचंच एक वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवायचे: माणसाने सारं जग मिळवलं आणि आपला जीव गमावला, तर त्याला काय लाभ? झेवियर बरीच वर्षं हसण्यावारी नेत राहिले. 1534 साली पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात जणांनी देवाच्या कामाला वाहून घ्यायची शपथ घेतली, त्यात मात्र ते होते. आणि 1540 ला हिंदुस्थानात यायचं ठरलं होतं दुसऱ्याचं. बोबादिया नावाचा सोबती आजारी पडला आणि ह्यांना ऐनवेळी निघावं लागलं. लिस्बनहून तेरा महिन्यांचा प्रवास करून 6 मे 1542 ला गोव्यात. ‘विचार करायला वेळ असता, तर निघाले असते का, कोण जाणे,’ फादर म्हणाले.

मला ते पटलं नाही. मला विचार करायला सहा वर्षं मिळाली होती, आणि त्यांचा मी काय उपयोग केला ते वर सांगितलंच आहे.

म्हापशाला रात्रीचा मुक्काम. इथल्या मिलाग्रीस सायबिणीला हिंदू लोक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात. मित्राने हात जोडले, तेल वाहिलं. जेवणं झाल्यावर त्याने फादरना सरळच विचारलं, ‘आनी त्या पत्राचा काय?’

मला वाटलं आता बेरंग होणार. फादर शांतपणे म्हणाले, ‘सायबांनी लिहिलं होतं. 1546 मध्ये, आंबोइना बेटावरून, पोर्तुगालच्या राजाला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, पाठवा म्हणून मागितलं होतं. ते आलं 1560 ला. तेव्हा सायब जाऊन आठ वर्षं झाली होती.’ आणि मग, मधली थोडी वर्षं सोडली तर, ते 1812 पर्यंत चाललं.

‘मगे तुमी काय म्हणतास?’

‘संत होते. पण ती मागणी चुकीची होती. मी दोन्ही म्हणतो.’

मित्र मान हलवून झोपायला गेला. मला झोप नव्हती. ते केवळ एका पत्रामुळे आलं असं नव्हे, एवढं मला कळतं. तरी एक माणूस दूर बेटावर बसून कागदावर चार ओळी लिहितो, स्वतः चीनच्या दारात, सांचियान बेटावर, होडीची वाट बघत शेहेचाळिसाव्या वर्षी मरतो, आणि त्या ओळीत मागितलेली गोष्ट त्याच्यामागे अडीच शतकं माणसांच्या अंगावर चालत राहते. माझा तर चिऱ्यांचा गडगा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की घट्ट होत जातो. माझा नातू आज चार वर्षांचा आहे. तो मोठा होऊन त्या गडग्यालाच हद्द म्हणेल, खरं मानून भांडेलसुद्धा. नरक म्हणजे आग असं लहानपणी शिकवलं होतं. त्या रात्री मला आग दिसली नाही, नातू दिसला.

तिसऱ्या दिवशी पर्वरी उतरून बेतीला फेरी घेतली. पायी चालणाऱ्याला तिकीट नाही. मात्र पायी निघालेल्याने फेरीत बसावं का, ह्यावर पाच मिनिटं वाद झाला. तीय कधीच आत जाऊन बसली होती. पणजीहून रायबंदरचा तो लांबलचक पूल, 1630 च्या दशकातला, विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, लिन्यारिशच्या काळचा. बाकीचे मांडवी बघत होते. मी चिरे बघत होतो.

बॉम जेझूस बाझिलिका संध्याकाळी दिसली. 1605 चं बांधकाम. बाकीची चर्चं पांढरी, ही तांबडी, कारण 1950 च्या दशकात तिचा गिलावा काढून टाकला. आम्ही धंद्यातली माणसं ह्यावर हळहळतो. उघड्या चिऱ्याला गोव्याचा पाऊस खातो. मी भिंतीवर बोट फिरवलं तर बारीक तांबडी पूड बोटाला आली, आमच्या खाणीत असते तशीच. आत इटलीतल्या मेडिची घराण्याने दिलेल्या संगमरवरी चबुतऱ्यावर, वर उंच, चांदीची पेटी. खालून सायब दिसत नाहीत. तीय बूट काढून, गुडघे टेकून, बराच वेळ तशीच होती.

मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून पाद्री कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकत होते. रांगेत उभा राहिलो. म्हाताऱ्या फादरपुढे बसून सगळं सांगितलं, जरा गोलमाल करून. त्यांनी एकच विचारलं.

‘गडगा अजून तिथेच आहे?’

‘आहे, फादर.’

‘नारळ खाताय?’

‘खातोय.’

माफी दिली. प्रायश्चित्त म्हणून तीन नमान मारिये, म्हणजे मारियेच्या प्रार्थना, सांगितल्या आणि वर म्हणाले, ‘गडग्याचं मात्र नमान मारियेने भागणार नाही.’

फेस्ताच्या गर्दीत, खाज्यांच्या दुकानामागे उभा राहून मुंबईला फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी बोललो, भरभर. तिकडे लोकलचा आवाज येत होता, स्टेशन गेलं असावं. मग भाऊ म्हणाला, ‘माका म्हायत होता.’ पुन्हा लोकल. ‘माड कशे आसत?’

‘बरे आसत. एकाक उंदीर लागलो.’

‘खोडाक पत्रो मार,’ तो म्हणाला.

सोमवारी सकाळी मित्र टेप घेऊन आला. जुना नकाशा माझ्याकडे होताच, कपाटात, सहा वर्षं. वरची चिऱ्यांची ओळ उतरवली, मागे शेवाळ आणि विंचवाचं एक पिल्लू. मित्राने टेप दोनदा लावून बघितली, चष्मा वर सरकवला.

‘अरे,’ तो म्हणाला, ‘दोन हात खयचे? अडीच आसत.’